गवताविना विटा

निर्गमाच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात फारो राजाच्या एका हुकुमाची हकीकत आहे. ती आपल्या मंडळ्यांतून पुष्कळ वेळा वाचली जाते; तथापि तिच्यातील एक बारीक गोष्ट ऐकणाऱ्याच्या मनातून बहुधा निसटून जाते. इस्राएल लोकांकडून विटा पाडून घेणे हा फारोचा जुना जुलूम होता. पण मोशे व अहरोन त्याच्यापुढे उभे राहिले त्या दिवशी त्याने जो नवा जुलूम काढला, त्याची जात निराळी होती. त्याने विटांची संख्या वाढविली नाही, कामाचे तासही वाढविले नाहीत. त्याने एवढेच केले की, विटांच्या चिखलात मिसळण्याकरिता जे गवत आजवर सरकारातून मिळत असे ते बंद केले. गवत तुमचे तुम्ही शोधून आणा. विटा मात्र पूर्वीइतक्याच भरल्या पाहिजेत. मग ते लोक गवताच्या जागी धसकटे वेचीत मिसर देशभर पांगले.

धसकटे वेचणे म्हणजे काय, हे परभणी जिल्ह्यातील शेतकऱ्यास व मजुरास सांगावयास नको. ज्वारी काढून झाल्यावर काळ्या रानात जी खुंटे उरतात ती उन्हातान्हात वाकून उपटताना हातांस कसे घट्टे पडतात, हे आपल्यापैकी पुष्कळांस ठाऊक आहे. म्हणून ह्या अध्यायातील अन्याय आपणांस लवकर समजावा. काम सांगणारा कामाचे साहित्य देईना, आणि काम मात्र पुरे मागू लागला, तर तो कामकऱ्याच्या श्रमाबरोबर त्याच्या घरातलेही काही काढून घेतो. असे काढून घेणे हिशेबात कोठे दिसत नाही. म्हणून ते दीर्घकाळ चालते.

हा विषय आज आम्ही काढितो त्याचे कारण आपल्या गावच्या शाळा होत. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकविणाऱ्या बाई व गुरुजी खडू, तक्त्यांचे कागद, रंगीत पेन्सिली, झेरॉक्स, पाट्या, वह्या, इतकेच नव्हे तर इंटरनेटसुद्धा अनेकदा स्वतःच्या पैशाने घेतात. ह्यास मराठीत एक नेमका शब्द आहे, पदरमोड. ह्या पदरमोडीविषयी ख्रिस्ती मनुष्याने काय समजावे, तिची स्तुती करून थांबावे की आणखी काही करावे, हा आमचा प्रश्न आहे.

प्रथम आमची स्वतःची चूक सांगतो. गंगाखेड तालुक्यातील एका गावी आमच्या मंडळीची पाच-सहा घरे आहेत. तेथील मुले ज्या शाळेत जातात त्या शाळेच्या बाई कष्टाळू व प्रेमळ म्हणून सर्वांस ठाऊक आहेत. एका वर्षी सप्टेंबरच्या ५ तारखेस, शिक्षकदिनी, मंडळीने त्यांचा सत्कार केला. वर्गणी काढून शाल आणली, हार आणला, आणि आम्ही त्यांच्या त्यागाविषयी लांबलचक भाषण केले. सभा आटोपल्यावर आम्ही गंगाखेडच्या बाजारात गेलो, तो त्याच बाई वह्या-पुस्तकांच्या दुकानात उभ्या दिसल्या. दुकानदार त्यांच्या नावाने खडूंचा डबा, कार्डशीट व डझनभर पाट्या उधारीच्या वहीत मांडीत होता. आम्ही विचारले, "बाई, हे शाळेचे सामान तुमच्या नावावर कसे?" त्या हसून म्हणाल्या, "मास्तर, शाळेच्या नावावर उधारी कोण देतो? ऊसतोडीहून मुले परत आली म्हणजे त्यांच्याजवळ पाटी नसते, म्हणून आधीच घेऊन ठेवते." नंतर थोडा वेळ गप्प राहून त्या बोलल्या, "शाल फार चांगली आहे हो. घरी अशा सहा झाल्या."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, टोमणाही नव्हता. पण आम्हांस मात्र लाज वाटली. ज्या त्यागाची आम्ही स्तुती केली, त्या त्यागाची गरजच पडू नये म्हणून आम्ही एक रुपयाही दिला नव्हता. शालीचे पैसे पाट्यांस पुरले असते. पुढे आणखी एक गोष्ट समजली, ती मनास अधिक लागली. आदल्या वर्षी बाईंची आई दवाखान्यात होती आणि त्यांचे सर्व पैसे तेथे गेले. त्या वर्षी त्यांनी वर्गासाठी काही घेतले नाही, आणि त्याबद्दल त्यांनी मुलांची क्षमा मागितली. जे ऋण त्यांच्या अंगावर कधी नव्हतेच, ते फेडता आले नाही म्हणून त्या स्वतःस अपराधी समजत होत्या.

वाचकहो, येथे थोडे थांबून विचार करा. देणगी व कर ह्यांत भेद काय? देणगी देणारा ती न देण्यास मोकळा असतो. कर देणारा नसतो. एखाद्याची देणगी वर्षानुवर्षे गृहीत धरली जाते, आणि ती न दिल्यास देणाऱ्यालाच चुकल्यासारखे वाटते, तेव्हा ती देणगी उरत नाही, कर होते. तो कर कोणत्याही कायद्याने बसविलेला नाही. तो बसतो फक्त चांगल्या माणसांवर. जो शिक्षक कामचुकार आहे त्यास तो द्यावा लागत नाही. ज्याच्या अंतःकरणात मुलांविषयी कळवळा आहे त्याच्याच घरातून तो वसूल होतो. कळवळ्यावर बसणारा कर हा सर्वांत अन्यायाचा कर होय, असे आम्हांस वाटते.

सरकारास फारो म्हणण्याचा आमचा हेतू मुळीच नाही. न्यायाने बोलायचे तर पुष्कळ झाले आहे हे कबूल केले पाहिजे. हा जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या राज्यात वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती आणि खेड्यातील मराठी मुलास शाळा लाभणे ही भाग्याची गोष्ट होती. १९५६ साली हा भाग मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, आणि १९९९ साली हिंगोली जिल्हा निराळा काढल्यावर आजचा नऊ तालुक्यांचा परभणी जिल्हा उरला. आज येथे मुलांस पाठ्यपुस्तके फुकट मिळतात, दुपारचे जेवण मिळते. १९८७ साली देशात खडू-फळा मोहीम सुरू झाली. प्रत्येक प्राथमिक शाळेस निदान दोन खोल्या, दोन शिक्षक व शिकविण्याचे आवश्यक साहित्य असावे हा तिचा उद्देश होता. २००९ साली शिक्षणहक्काचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. प्रत्येक वर्गास गरजेप्रमाणे शिकण्या-शिकविण्याचे साहित्य पुरविले पाहिजे, असे त्या कायद्याच्या परिशिष्टातच सांगितले आहे. म्हणजे गवत देण्याचे कर्तव्य कोणाचे, ह्याविषयी शंका उरलेली नाही.

परंतु कर्तव्य कागदावर असणे आणि खडू फळ्यापाशी असणे, ह्यांत अंतर आहे. सर्व शिक्षा अभियानाच्या काळी साहित्य तयार करण्याकरिता प्रत्येक शिक्षकाच्या नावे वर्षास ५०० रुपये मिळत. रक्कम लहान होती; तथापि ती शिक्षकाची म्हणून ओळखली जात असे. २०१८ साली समग्र शिक्षा योजना आली आणि शाळेस एकत्रित अनुदान मिळू लागले. तिच्या आराखड्याप्रमाणे ३० पर्यंत मुले असलेल्या शाळेस वर्षास १०,००० रुपये व ३१ ते १०० मुलांच्या शाळेस २५,००० रुपये असे प्रमाण आहे, आणि त्यातील निदान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करावयाचा असतो. वस्तीवरच्या २५ मुलांच्या शाळेचा हिशेब आपणच करा. १०,००० तून १,००० स्वच्छतेचे गेले. राहिले ९,०००, म्हणजे महिन्यास ७५०. त्यातच विजेचे बिल, मोडक्या दाराची दुरुस्ती, नोंदवह्या, कागद, आणि मग खडू. शिवाय अनुदानाचा हप्ता उशिरा आला तर मुले तोपर्यंत थांबत नाहीत. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा पहिल्याच दिवशी फळा लागतो.

आता ह्यावर जे आक्षेप गावात ऐकू येतात त्यांचा एकेक करून विचार करू.

पहिला आक्षेप असा की, "गुरुजींना पगार काय थोडा आहे? आमच्या घरी वर्षभरात जेवढे येत नाही तेवढे त्यांस थोड्या महिन्यांत मिळते. त्यांनी चार खडू आणले तर बिघडले काय?" हा आक्षेप तोंडावर कोणी बोलत नाही; पण मनात पुष्कळांच्या असतो, आणि त्यात काही सत्यही आहे. कायम नोकरीच्या शिक्षकाचा पगार मजुराच्या मिळकतीपेक्षा पुष्कळ अधिक आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पण सर्व शिक्षक तसे नाहीत. नवा शिक्षक पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून काम करितो. प्राथमिक शाळेत त्याचे मानधन पुष्कळ वर्षे दरमहा ६,००० रुपये होते. ते जानेवारी २०२३ पासून १६,००० झाले. विनाअनुदानित शाळांतून तर वर्षानुवर्षे पगारावाचून वा अल्प पगारावर शिकविणारे ह्या राज्यात थोडेथोडके नाहीत.

दुसरे असे की, पगार मोठा असो वा लहान, पगार हा श्रमाचा मोबदला आहे. साहित्य हा त्याचा भाग नव्हे. हे आपणांस शेतीतून समजते. मालक सालगडी ठेवितो तेव्हा त्यास साल ठरवून देतो, आणि औत, बैल, बियाणे, खत मालकाचे असते. "तुला साल चांगले दिले आहे, आता पेरणीचे बियाणे तूच आण," असे कोणी मालक म्हणू लागला तर सारा गाव त्यास नावे ठेवील. मग शाळेच्या रानात गुरुजींनी स्वतःचे बियाणे पेरावे, हे आपण कसे ठरविले?

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पदरमोडीवर शाळा चालू लागली म्हणजे मुलाचे नशीब शिक्षकाच्या स्वभावावर व त्याच्या घरच्या अडचणींवर अवलंबून राहते. एका गावच्या बाई उदार, म्हणून तेथील मूल रंगीत तक्त्यावरून अक्षरे शिकते. शेजारच्या गावी गुरुजींच्या घरी आजारपण, म्हणून तेथील मूल नुसते फळ्याकडे पाहते. ह्या दोन मुलांत कोणाचा काय अपराध? आणि ज्याच्या आईबापांचे बिऱ्हाड ऊसतोडीला जाते, जे मूल हंगाम संपल्यावर चैत्राच्या उन्हात रिकाम्या हातांनी वर्गात परत येते, त्याचे काय? ज्याच्या घरी पाटी आहे त्याचे शाळेत खडू नसला तरी कसेबसे भागते. ज्याच्या घरी काही नाही, त्यास शाळेत जे मिळेल तेवढेच त्याचे. साहित्याची तूट सर्वांत आधी सर्वांत गरीब मुलास लागते.

दुसरा आक्षेप अधिक शहाणपणाचा आहे. तो असा: "आपण देऊ लागलो तर सरकार आपले कर्तव्य विसरेल. ज्याचे काम त्याने करावे." ह्यास उत्तर देण्यापूर्वी ह्यातील सत्य मान्य केले पाहिजे. अमेरिकेसारख्या धनाढ्य देशातही असेच घडले. तेथील सरकारी पाहणीत २०१४-१५ ह्या शालेय वर्षी सार्वजनिक शाळांच्या १०० पैकी ९४ शिक्षकांनी वर्गासाठी स्वतःचे पैसे खर्च केले असे आढळले, आणि जे खर्च करीत त्यांची सरासरी ४७९ डॉलर पडली. तेथे २००२ सालापासून अशा खर्चापैकी २५० डॉलरपर्यंतची रक्कम करपात्र मिळकतीतून वजा करून मिळते. २०२२ पासून ती मर्यादा ३०० डॉलर झाली. पाहा, राज्याने पदरमोड ओळखली, तिला सवलत दिली, पण ती थांबविली नाही. चांगल्या माणसांनी भार उचलला म्हणजे तो भार त्यांचाच आहे असे जगास वाटू लागते, हे खरे आहे.

परंतु ह्यावरून काही देऊच नये असे सिद्ध होत नाही. आज जे मूल पहिलीत आहे, ते सरकारचे कर्तव्य जागे होईपर्यंत पहिलीत थांबणार नाही. तहानलेल्यास पाणी द्यावे, आणि विहीर का आटली हेही विचारावे. ह्या दोहोंत विरोध नाही. म्हणून आमचे म्हणणे असे की, देणे व मागणे ही दोन्ही बरोबर चालली पाहिजेत. शिक्षणहक्काच्या कायद्याने प्रत्येक शाळेस शाळा व्यवस्थापन समिती नेमून दिली आहे. तिच्यातील निदान तीन-चतुर्थांश सभासद मुलांचे आईबाप किंवा पालक असावेत, आणि एकंदर सभासदांपैकी निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा नियम आहे. आपल्या मंडळीतील किती बंधुभगिनी त्या समितीत आहेत? जे आहेत त्यांपैकी किती जणांनी अनुदान किती आले व कशावर गेले हे विचारले आहे? सही करून घरी येणे म्हणजे समितीत असणे नव्हे. शिक्षक स्वतः वरिष्ठांकडे मागू लागला तर त्याची अडचण होऊ शकते. आईबापांनी मागितले तर ते त्यांचे हक्काचे मागणे आहे. निर्गमाच्या त्याच अध्यायात इस्राएलांचे नायक फारोकडे जाऊन विचारितात की, गवत मिळत नाही आणि मार मात्र आम्ही खातो, हे कसे? त्यांस न्याय मिळाला नाही. तथापि त्यांचे विचारणे चुकीचे होते, असे शास्त्रात कोठेही म्हटलेले नाही.

तिसरा आक्षेप धार्मिक वेषात येतो, म्हणून त्याच्याकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. "त्याग हा ख्रिस्ती मनुष्याचा भूषणालंकार आहे. बाई त्याग करितात, त्यांस त्याचे प्रतिफळ देव देईल. आपण मध्ये का पडावे?" ह्या बोलण्याचे तोंड भक्तीचे व हात कृपणाचे आहेत. प्रेषित पौलाकडे पाहा. तो तंबू शिवून पोट भरी आणि करिंथच्या मंडळीवर भार घालीत नसे. पण करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात तो काय म्हणतो? स्वतःच्या खर्चाने शिपाईगिरी कोण करितो, असे तो विचारितो. द्राक्षमळा लावणाऱ्याचा व कळप राखणाऱ्याचा दाखला तो देतो. आपला हक्क आहे, हे तो प्रथम सिद्ध करितो. मग तो हक्क आपल्या खुशीने सोडितो. ह्या क्रमात फार मोठा अर्थ आहे. हक्क आधी मान्य झाला तरच तो सोडणे हा त्याग होतो. ज्याचा हक्कच कोणी मान्य केला नाही त्याच्याकडून जे घेतले जाते तो त्याग नव्हे, ती लूट होय, मग ती कितीही गोड शब्दांनी घेतलेली असो. दुसऱ्या पत्रात तर पौल त्याच मंडळीस जरा खोचून म्हणतो की, मी तुम्हांवर भार घातला नाही हा माझा अन्याय झाला, त्याची मला क्षमा करा. त्या शब्दांची धार करिंथकरांस समजली असेल. आपणांस समजते काय?

मंदिराच्या भांडारात दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेची गोष्ट अशा वेळी नेहमी सांगितली जाते. प्रभूने तिची वाखाणणी केली, हे खरे. पण मार्काच्या बाराव्या अध्यायात त्या गोष्टीच्या अगदी आधी विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांस प्रभूने दोष दिला आहे, तोही वाचावा. देणारीची स्तुती ही भांडाराची निर्दोष सुटका नव्हे. आमच्या बाईंची स्तुती प्रभू करील ह्यात शंका नाही. परंतु आम्ही शाल देऊन बसलो होतो, आमच्याविषयी तो काय म्हणेल, हा प्रश्न निराळा आहे.

त्यागाचे मोल बहुधा त्याग करणाऱ्याच्या घरचे लोक भरतात, हेही विसरू नये. कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढिली, हे सर्वांस ठाऊक आहे. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांनी साताऱ्याच्या वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी आपले दागिने आणि अखेरीस मंगळसूत्रही मोडले, हेही महाराष्ट्र अभिमानाने सांगतो. ती माउली धन्य होय. पण मंगळसूत्र मोडण्याची पाळी येईपर्यंत भोवतालचे लोक काय करीत होते, असे आपण कधी विचारले आहे काय? पुढच्या पिढीने थोरांच्या त्यागाच्या गोष्टी सांगून डोळे पुसावे, आणि शेजारच्या घरात तीच पाळी येत असता स्वस्थ बसावे, हे बरे नाही.

चौथा आक्षेप आमच्याच लोकांचा आहे: "ती शाळा काही मिशनची नाही, सरकारची आहे, तेथे सर्व जातिधर्मांची मुले शिकतात. मंडळीने आपले पैसे तेथे का द्यावे?" ह्या प्रदेशातील आपल्या मंडळ्यांचा इतिहास ज्यास ठाऊक आहे तो असे बोलणार नाही. अमेरिकन मिशनचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईस आले. मिस सिंथिया फॅरार १८२७ साली आल्या आणि पुढे अहमदनगरास त्यांनी मुलींच्या शाळा चालविल्या. नारायण शेषाद्री ह्यांनी १८४३ साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे निजामाच्या राज्यात जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसविली. आपल्या वाडवडिलांपैकी पुष्कळांस अक्षरओळख झाली ती कोणा अनोळखी मनुष्याने दूर देशी दिलेल्या पैशाने. ज्यांनी ते दिले त्यांनी आपली तोंडे कधी पाहिली नव्हती. ते ऋण ज्यांस फेडावयाचे ते आता नाहीत. मग ते फेडावयाचे कोठे? शेजारच्या मुलापाशीच. शोमरोनी मनुष्याने जखमी वाटसरूची जात विचारली नाही.

येथे एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. आपण जे देऊ ते अटीवाचून द्यावे. खडूच्या डब्यावर वचन चिकटवू नये आणि वहीत पत्रक घालू नये. सरकारी पैशाने चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देऊ नये असे आपल्या राज्यघटनेच्या २८ व्या कलमात आहे, आणि ते योग्यच आहे. ज्या दानाच्या पोटी आमिष असते ते दान नव्हे. त्याने मुलाचा, शिक्षकाचा व शुभवर्तमानाचाही अपमान होतो.

आता करावे काय, हे थोडक्यात सांगतो. पहिले हे की, विचारावे. आपल्या मनास येईल ते नेऊन देऊ नये. न्यूयॉर्क शहरातील एका शिक्षकाने २००० साली एक संस्था काढिली. तिच्या रीतीप्रमाणे आपल्या वर्गास काय पाहिजे ते शिक्षक स्वतः लिहितो, देणारे त्यापुरते पैसे देतात, आणि संस्था रोख रक्कम न देता वस्तू शाळेस पोहोचविते. ही रीत गावातही चालेल. जूनच्या आधी मंडळीतील दोघांनी शाळेत जाऊन नम्रपणे म्हणावे, "बाई, ह्या वर्षी वर्गाला काय काय लागेल, ते आम्हांस लिहून द्या." एवढ्या विचारण्यानेच अर्धा भार हलका होतो, कारण आपल्या कामाकडे कोणाचे तरी लक्ष आहे, हे त्यांस समजते.

दुसरे हे की, द्यावयाचे ते शाळेस द्यावे व वहीत मांडून द्यावे. समितीपुढे ठेवून साठा नोंदवहीत लिहवावे, म्हणजे शिक्षकावर बालंट येत नाही आणि देणाऱ्यास मिरविता येत नाही. पौलाने यरुशलेमेच्या गरिबांकरिता वर्गणी नेताना सोबत विश्वासू बंधू घेतले होते, ते कोणी संशय घेऊ नये म्हणूनच. डाव्या हातास कळू देऊ नये हे प्रभूचे सांगणे आपल्या मोठेपणाविषयी आहे; हिशेबाविषयी नव्हे.

तिसरे हे की, थोडे थोडे परंतु नेमाने द्यावे. मिझोरामच्या ख्रिस्ती घरांतून १९१० सालापासून एक चाल आहे. स्वयंपाकाच्या वेळी घरची बाई शिजवावयाच्या तांदळातून एक मूठ निराळी काढिते, आणि ते धान्य मंडळीकडे जमा होते. त्या मुठीमुठीवर तेथील मंडळ्यांची किती कामे उभी राहिली आहेत! आपल्याकडे तांदूळ नसेल. ज्वारी आहे, तूर आहे. दहा घरांनी पीठ मळण्याच्या वेळी एकेक मूठ ज्वारी निराळी ठेविली, तर वर्षअखेर एका वर्गाच्या खडूची व पाट्यांची चिंता मिटेल. कापणीच्या उपकारस्तुतीच्या वेळी जे धान्य वेदीपुढे येते त्यातूनही एक वाटा शाळेचा ठरविता येईल. ज्यास धान्यही देता येत नाही त्याने एक रविवार शाळेच्या भिंतीस चुना लावावा, मोडक्या खिडकीस खिळा ठोकावा. पूर्वी गावठी शाळेच्या पंतोजीस गावकरी शिधा देत. शाळा सरकारची झाली म्हणून गाव परके झाले, असे होऊ नये.

चौथे हे की, स्तुती करताना जपावे. २०२० साली सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले ह्यांस जगातील उत्तम शिक्षकाचे १० लाख डॉलरचे पारितोषिक मिळाले, आणि त्यांनी त्यातील अर्धी रक्कम अंतिम यादीतील इतर नऊ शिक्षकांस वाटून दिली. ही गोष्ट आनंदाची आहे, आणि ते वाटणे तर अधिक शोभले. तथापि पारितोषिक एकास मिळते. खडू सर्वांस लागतो. शेकडो गावांतून ज्यांचे नाव कोणी ऐकले नाही अशा शिक्षकांचा विचार आपण करावयाचा आहे.

शेवटी घरची गोष्ट. न्यायाचा आरंभ देवाच्या घरापासून व्हावा, असे पेत्र सांगतो. सरकारी शाळेच्या बाईंविषयी आपण इतके बोललो. आपल्या शब्बाथ शाळेच्या शिक्षकाविषयी काय? मुलांस दाखवावयाची चित्रे, रंगीत खडू, नाताळाच्या कार्यक्रमाचे कागद व दोरा, शेजारच्या वस्तीवर जाण्याचे एस.टी.चे भाडे हे सर्व कोण देतो? गलतीकरांच्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल लिहितो की, ज्यास वचनाचे शिक्षण मिळते त्याने शिक्षण देणाऱ्यास आपल्या सर्व चांगल्या गोष्टींत भागी करावे. ते पत्र आपण आपल्या उपासनांत पुष्कळदा वाचिले आहे. पण गेल्या वर्षभरात पंचांच्या बैठकीत कोणी उठून आपल्या शिक्षकास असे विचारिले काय, की बाबा, तुझ्या खिशातून किती गेले? आम्ही स्वतः विचारिले नव्हते, हे येथे कबूल करितो. सरकारकडे बोट दाखविण्यापूर्वी आपल्या मंडळीचा जमाखर्च उघडून पाहावा.

त्या गावच्या मंडळीत पुढच्या शिक्षकदिनी शाल आणली गेली नाही. दोन पंच आधीच शाळेत जाऊन बाईंकडून यादी लिहून घेऊन आले होते. ती यादी उपासनेनंतर वाचली, आणि सामान आणून समितीपुढे ठेविले. दिवाळीनंतर बिऱ्हाडे ऊसतोडीला गेली, व हंगाम संपवून मुले परतली तेव्हा कपाटात पाट्या होत्या. बाई आम्हांस म्हणाल्या, "मास्तर, ह्या वर्षी मी आईला चष्मा घेतला." एवढेच, पण त्या एका वाक्यात पदरमोडीचा सारा हिशेब आम्हांस समजला. वर्गातल्या फळ्यावर जो खडू झिजत होता, तो इतकी वर्षे कोणाच्या तरी म्हाताऱ्या डोळ्यांच्या खर्चातून येत होता, आणि ते आम्हांस ठाऊक नव्हते.

देव करो, आणि आपल्या गावातील कोणा शिक्षकास धसकटे वेचीत हिंडण्याची पाळी न येवो. विटा त्यांनी पाडाव्या, कारण ती त्यांची विद्या आहे. गवत मात्र आपण पोहोचवू, आणि ज्यांनी ते द्यावयाचे त्यांच्या दारी जाऊन मागूही.